श्रवणशंका : आर्वो पॅर्ट यांच्या पियानो आणि चेंबर संगीताची ध्वनिमुद्रणे

दोन अंकांपूर्वी याच सदरात देवळातल्या घंटेच्या नादाविषयी लिहिताना एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पॅर्ट यांचा ओझरता उल्लेख केला होता. तो उल्लेख जेमतेम दोन ओळींचा होता. पत्रे मात्र त्या मानाने बरीच आली. त्यांतील पाच निवडून, थोडी आटोपशीर करून, येथे घेतली आहेत.

अंबाजोगाईहून एक निवृत्त शिक्षिका लिहितात : आपण उल्लेखिलेली ‘श्पीगेल इम श्पीगेल’ ही रचना मुलाने मोबाइलवर ऐकवली. ऐकायला बरे वाटले. पण खरे सांगायचे तर पहिल्या वर्षाचा विद्यार्थी अलंकार घोटतो आहे, असेच वाटत राहिले. एवढ्याशा सामग्रीला जगभर थोर का म्हणतात? आणि ऐकायचीच झाली तर कोणाची ध्वनिमुद्रिका ऐकावी?

उत्तर : आपल्याला अलंकार आठवले, ही आपल्या कानांची चूक नाही. रचनेचा सांगाडा खरोखर अलंकारासारखाच आहे. मूळ रचना व्हायोलिन आणि पियानो यांच्यासाठी आहे आणि तिचा स्वरसमूह आपल्या बिलावलाचा आहे. व्हायोलिन आधी ‘रे–ग’ एवढेच म्हणते. मग थांबून ‘म–ग’ म्हणते. पुढच्या ओळी एकेका स्वराने लांबत जातात. एक ओळ चढती असेल तर तिला तेवढीच उतरती ओळ उत्तर देते आणि स्वर कितीही दूर गेला तरी गंधारावर परततो. शीर्षकाचा अर्थ ‘आरशातला आरसा’ असा आहे. समोरासमोर ठेवलेल्या दोन आरशांत प्रतिबिंबांची रांग लांबत जावी, तशी ही चाल लांबत जाते. या सगळ्या वेळात पियानो तीन-तीन स्वरांचे तुकडे एकाच संथ गतीने वाजवत असतो. कधी खाली एखादा खर्जाचा स्वर पडतो, कधी वर घंटेसारखा एखादा टोल.

ही साधेपणाची वाट पॅर्ट यांनी सहज धरलेली नाही. त्यांचा जन्म 1935 सालचा, एस्टोनियातील पाइदे या गावचा. तरुणपणी त्यांनी बारा स्वरांच्या मालिकेवर बेतलेले, कानाला टोचणारे आधुनिक संगीत पुष्कळ लिहिले. 1968 साली त्यांच्या ‘क्रेडो’ या रचनेत येशूवरील श्रद्धेचा उघड उच्चार होता आणि सोव्हिएत राजवटीत त्यावरून गदारोळ झाला. त्यानंतरची जवळजवळ आठ वर्षे त्यांनी फारच थोडे लिहिले आणि मध्ययुगीन चर्चमधील एकसुरी पठणाचा अभ्यास केला. 1976 साली पियानोसाठी दोन पानांची ‘फ्यूर अलीना’ लिहून ते पुन्हा बोलू लागले. ‘श्पीगेल इम श्पीगेल’ त्यानंतर दोन वर्षांनी, 1978 साली आली आणि 1980 साली त्यांनी देश सोडला. आपण ऐकलेले अलंकार हे आठ वर्षे पुष्कळ काही टाकून दिल्यावर हातात उरलेले अलंकार आहेत.

आता ध्वनिमुद्रिकेविषयी. माझी सूचना अशी की, पहिल्याच आठवड्यात दहा रचना ऐकू नयेत. एकच रचना दोन-तीन हातांची ऐकावी. सुदैवाने तशी सोय एकाच तबकडीवर आहे. म्युनिकच्या ईसीएम या कंपनीने काढलेल्या ‘अलीना’ या तबकडीवर एकूण दोनच रचना आहेत, पण तुकडे पाच आहेत. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या जागी ‘श्पीगेल इम श्पीगेल’ आहे. दुसऱ्या आणि चौथ्या जागी ‘फ्यूर अलीना’. ध्वनिमुद्रण 1995 सालचे, फ्रँकफर्टमधील एका चर्चमधले. पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यात व्लादिमिर स्पिवाकॉव्ह व्हायोलिन वाजवतात आणि सेर्गेई बेझ्रोद्नी पियानो. ही रचना मुळात स्पिवाकॉव्ह यांच्यासाठीच लिहिलेली असल्यामुळे त्यांच्या वादनाला वेगळे वजन आहे. मधल्या तुकड्यात व्हायोलिनच्या जागी डीटमार श्वाल्के यांचा चेलो (व्हायोलिनच्याच कुळातले मोठे, खर्जातले वाद्य) येतो आणि पियानोवर अलेक्झांडर माल्टर असतात.

गंमत अशी की, त्याच दोन वादकांनी, तीच स्वरलिपी समोर ठेवून वाजवलेला पहिला तुकडा साडेदहा मिनिटांच्या घरात जातो आणि शेवटचा दहा मिनिटांच्या आत संपतो. चेलोचा त्याहूनही आटोपता आहे. स्वर तेच आहेत. बदलते ती दोन स्वरांमधली जागा. आपल्याकडे विलंबित ख्यालात गवई समेवर येण्याआधी किती थांबतो, यावर त्याची पारख होते. येथे ताना नाहीत, मुरक्या नाहीत, लय वाढणे नाही. त्यामुळे वादकाला लपायला कोठे जागाच राहत नाही. व्हायोलिनवादकाने नेहमीच्या सवयीने प्रत्येक स्वराला कंप दिला की रचना लगेच गोडमिट्ट होते. स्पिवाकॉव्ह यांचा गज फार जपून चालतो. टॅस्मिन लिटल आणि मार्टिन रोस्को या इंग्लिश जोडीचे ध्वनिमुद्रणही लोकप्रिय आहे. त्याचा नाद अधिक उबदार आहे आणि पहिल्या ऐकण्याला कदाचित तेच सोपे जाईल. मी मात्र स्पिवाकॉव्ह यांच्याकडेच परत जातो, त्यातही साडेदहा मिनिटांच्या तुकड्याकडे.

या ध्वनिमुद्रणात तिसरा वादक आहे तो म्हणजे चर्चची वास्तू. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला आपल्याकडे ‘सुताराची झोपडी’ म्हणतात, त्या कमानदार दगडी छताखाली कोणी एक स्वर लावला तर तो गवयाने तोंड मिटल्यावरही काही क्षण वर रेंगाळतो, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. पॅर्ट यांच्या संगीतातील थांबे अशाच रेंगाळण्याने भरलेले असतात. कोरड्या, गालिचे घातलेल्या खोलीत मुद्रित केलेले वादन म्हणूनच कितीही अचूक असले तरी अर्धेच वाटते. पॅर्ट स्वतः तरुणपणी जवळजवळ दहा वर्षे एस्टोनियाच्या आकाशवाणीवर ध्वनिमुद्रणाचे काम करत होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. स्वर माइकपर्यंत पोहोचताना त्याचे काय होते, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते.

परभणीहून एक संवादिनीवादक लिहितात : आपण पॅर्ट यांच्या शैलीची तुलना तंबोऱ्याशी केली होती. मी ‘फ्यूर अलीना’ ऐकून संवादिनीवर वाजवून पाहिली. डाव्या हाताचे स्वर तंबोऱ्यासारखे स्थिर नाहीत, ते हलतात. मग ही तुलना बरोबर आहे का?

उत्तर : नाही. तुलना ढोबळ होती आणि आपण ती योग्य ठिकाणी पकडली आहे.

पॅर्ट यांनी आपल्या पद्धतीला ‘टिंटिनाबुली’ असे नाव दिले आहे. लॅटिन भाषेत ‘टिंटिनाबुलुम’ म्हणजे छोटी घंटा. या पद्धतीत मूलतः दोन आवाज असतात. एक आवाज स्वरसप्तकात पायरी-पायरीने चालतो. ही झाली चाल. दुसऱ्या आवाजाला फक्त तीन स्वरांची मुभा असते. ‘फ्यूर अलीना’मध्ये ते तीन स्वर म्हणजे षड्ज, कोमल गंधार आणि पंचम. उजव्या हाताने चालीतला स्वर वाजवला की डाव्या हाताने त्याच्या खालचा, त्या तिघांतला सर्वांत जवळचा स्वर त्याच क्षणी वाजवायचा. चाल एक पायरी सरकली तरी खालचा स्वर लगेच बदलेल असे नाही. मध्यमावरून पंचमाकडे सरकली तरी गंधार तसाच राहील. पण पंचम ओलांडला की सोबतीही पंचमावर येईल. तंबोरा गवयाकडे पाहत नाही. तो आपला ‘प सा सा सा’ छेडत राहतो आणि गवई त्याच्या आधाराने फिरतो. पॅर्ट यांचा दुसरा आवाज मात्र पहिल्याचा हात धरून चालतो, पण आपले तीन स्वर सोडत नाही. अंगणात खेळणाऱ्या नातवाच्या मागे आजोबांनी ओट्याच्या तीन पायऱ्यांवरच खालीवर व्हावे, तसे ते आहे. पॅर्ट यांच्या पत्नी नोरा यांनी या नात्याचे सूत्र ‘एक अधिक एक बरोबर एक’ असे सांगितले आहे. दोन ओठांतून एकच बोल निघतो, हे आपल्या संतांच्या घरचे उदाहरण त्याला चपखल बसेल.

आपण संवादिनीवर वाजवलेच आहे, तर आणखी एक जागा शोधून पाहावी. शेवटाकडे एका ठिकाणी डावा हात हा नियम मोडतो आणि आपल्या तीन स्वरांबाहेरच्या ऋषभावर जातो. स्वरलिपीत पॅर्ट यांनी तेथे एक छोटे फूल काढले आहे. संपूर्ण रचनेत नियमभंग एवढाच. तो कळेपर्यंत मी ही रचना काही वर्षे ऐकली होती आणि त्या जागी काहीतरी हलते एवढेच जाणवत होते.

खराखुरा तंबोरा हवा असेल तर ‘फ्रात्रेस’ ऐकावी. ‘फ्रात्रेस’ म्हणजे ‘बंधू’. ही रचना 1977 साली कोणतेही ठराविक वाद्य न सांगता लिहिली गेली आणि मग तिची अनेक रूपे झाली. तंतुवाद्यांच्या समूहासाठीच्या रूपांत खाली षड्ज-पंचमाचा अखंड सूर धरलेला असतो. त्या सुराला षड्ज मानले तर वरच्या चालीचे स्वर असे येतात : सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नी. पूर्वांगात भैरव आणि उत्तरांगात भैरवी. म्हणजे आपल्या वसंतमुखारीचे स्वर. अर्थात हा वसंतमुखारी राग नव्हे. त्याचे चलन, त्याच्या न्यासाच्या जागा येथे शोधू नयेत. आणि आपल्या कानाला खरा धक्का पुढेच आहे : चालीत शुद्ध गंधार असताना सोबतीच्या आवाजाला जे तीन स्वर दिले आहेत त्यांत कोमल गंधार आहे. दोन्ही गंधार एकमेकांना घासून जातात. पाश्चात्त्य लेखक ‘फ्रात्रेस’मधील व्याकुळतेविषयी बरेच लिहितात, संवादिनीवर बोटे ठेवणाऱ्याला तिचा पत्ता या दोन गंधारांत सापडतो.

‘फ्रात्रेस’चे व्हायोलिन आणि पियानो यांच्यासाठीचे रूप 1980 सालचे आहे आणि त्याचे जे ध्वनिमुद्रण सर्वांना माहीत असते ते ऑक्टोबर 1983 मध्ये बासेल येथे झाले. व्हायोलिनवर गिडॉन क्रेमर आणि पियानोवर कीथ जॅरेट. जॅरेट हे जॅझचे पियानोवादक. त्यांनी येथे स्वतःचे काहीच घातलेले नाही आणि तरीही प्रत्येक आघात त्यांचा वाटतो. हे ध्वनिमुद्रण 1984 सालच्या ‘टाबुला रासा’ या तबकडीवर आहे. त्याच तबकडीवर बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या बारा चेलोवादकांनी वाजवलेली ‘फ्रात्रेस’ही आहे, तेव्हा तुलना आयती होते. मला विचाराल तर अखंड सुराचा अनुभव चेलोंमध्ये आणि घासणाऱ्या गंधारांचा अनुभव क्रेमर-जॅरेट यांच्याकडे.

लातूरहून एक पालक लिहितात : माझी मुलगी दोन वर्षे कीबोर्ड शिकते आहे. ‘फ्यूर अलीना’ तिला वाजवता येईल का? घरी 61 पट्ट्यांचा कीबोर्ड आहे.

उत्तर : बोटांच्या दृष्टीने नक्कीच येईल. पंधरा मापांची, म्हणजे स्वरलिपीतल्या पंधरा खंडांची, ही रचना. तिच्यात ताल लिहिलेला नाही. फक्त लांब स्वर आणि आखूड स्वर असे दोन प्रकार आहेत. एका मापापासून दुसऱ्यापर्यंत स्वर एकेकाने वाढत जातात आणि मग तसेच कमी होतात. ही रचना जिच्या नावे आहे ती अलीना पॅर्ट यांच्या परिचितांची मुलगी होती आणि लंडनला निघून गेली होती. तेव्हा आपल्या मुलीच्या वयाला ती परकी नाही.

अडचण वाद्याची आहे. रचनेचा अगदी पहिला स्वर इतका खालचा आहे की 61 पट्ट्यांच्या कीबोर्डवर तो उमटतच नाही. ट्रान्सपोजचे बटण दाबून तो आणता येईल, पण मग मधली सगळी गणिते बिघडतील. त्याहून मोठी अडचण पियानोच्या पायाने दाबायच्या पेडलची. हा खर्जाचा स्वर पेडल दाबून मोकळा सोडायचा असतो आणि त्यानंतर वर वाजणाऱ्या प्रत्येक स्वराने त्याच्या तारा सूक्ष्मपणे थरथरतात. सतारीच्या तरफा जशा न छेडता बोलतात, तसेच हे आहे. जवळजवळ संपूर्ण रचनाभर पेडल उचललेच जात नाही, शेवटाकडे ते एकदाच सुटते. साध्या कीबोर्डवर तरफा नाहीत, त्यामुळे दोन स्वरांमध्ये नुसती पोकळी उरते आणि मूल कंटाळून लय वाढवते. शहरात कोणाकडे, एखाद्या शाळेत किंवा चर्चमध्ये, खरा पियानो असेल तर विनंती करून एक दुपार मिळवावी; तोवर घरी सराव करायला हरकत नाही. पॅर्ट यांच्या लहानपणी घरी जो पियानो होता त्याचा मधला भाग नादुरुस्त होता आणि ते वरच्या व खालच्या टोकांनाच खेळत असत, अशी हकिगत सांगितली जाते. ‘फ्यूर अलीना’तही मधला भाग बराचसा रिकामाच आहे.

मुलीला ऐकवण्यासाठी ‘अलीना’ तबकडीवरचे माल्टर यांचे वादन आधी देऊ नये. लिहिल्याप्रमाणे वाजवली तर ही रचना दोन-तीन मिनिटांची आहे. माल्टर तीच पुन्हा पुन्हा, सप्तके बदलत, जवळजवळ अकरा मिनिटे वाजवतात. ते ध्यान फार सुंदर आहे, पण शिकणाऱ्याला त्यात स्वरलिपी सापडणार नाही. पियानोवादक राल्फ फान राट यांनी नॅक्सॉस या कंपनीसाठी केलेले ध्वनिमुद्रण सरळ आहे, तेथून सुरुवात करावी.

जालन्याहून एक वाचक विचारतात : यांचे सगळे संगीत इतकेच संथ असते काय?

उत्तर : नाही. वर सांगितलेल्या फान राट यांच्या तबकडीवरच पॅर्ट यांच्या तरुणपणच्या दोन सोनाटिना आणि ‘पार्टिटा’ आहे. त्या 1958-59 च्या सुमाराच्या, चपळ आणि खोडकर रचना आहेत. तेच बोट पुढे इतके थांबायला शिकले, हे त्या ऐकल्याशिवाय पटत नाही. त्याच तबकडीवरील ‘लामेंताते’ ही पियानो आणि वाद्यवृंदाची 2002 सालची रचना चेंबर संगीतात, म्हणजे मोजक्या वादकांच्या संगीतात, मोडत नाही, पण तिचे निमित्त आपल्या जवळचे आहे : मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांचे लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात तेव्हा मांडलेले ‘मार्सियास’ हे प्रचंड शिल्प पाहून ती सुचली. तिच्यात कर्णे गरजतात. वर सांगितलेल्या ‘टाबुला रासा’ या तबकडीची शीर्षकरचना मात्र नक्की ऐकावी. तिच्या उत्तरार्धात तारांमध्ये वस्तू अडकवलेला पियानो घंटेसारखा वाजतो आणि तो वाजवणारे आहेत आल्फ्रेड श्निटके, जे स्वतःच मोठे संगीतकार होते. 1992 सालचे ‘मोत्झार्ट-आदाजिओ’ हे व्हायोलिन, चेलो आणि पियानो यांच्यासाठीचे रूपांतर संथच आहे. दिवंगत व्हायोलिनवादक ओलेग कागान यांच्या स्मरणार्थ ते लिहिले गेले. मोत्झार्ट यांची मूळ चाल बहुतांशी तशीच ठेवून पॅर्ट यांनी तिच्या भोवती थोडेसे स्वर टाकले आहेत, पाहुण्याच्या घरी पाय न वाजवता चालावे तसे.

उदगीरहून एक वाचक तक्रार करतात : आमच्याकडे रात्री झोप यावी म्हणून हे संगीत लावतात. मोबाइलवर ‘ध्यानासाठी संगीत’ अशा याद्यांमध्ये ते पावसाच्या आवाजाबरोबर मिळते. त्यासाठी एवढी चर्चा कशाला? आणि मला तर अर्ध्या वेळ काहीच ऐकू येत नाही.

उत्तर : झोप येत असेल तर जरूर झोपावे, त्यात संगीताचा अपमान नाही. पावसाचा आवाज मात्र काढून टाकावा. पॅर्ट यांनी दोन स्वरांमध्ये जी जागा कष्टाने मोकळी ठेवली आहे, तीच जागा त्या पावसाने भरली जाते आणि मग उरतात ते खरोखरच अंबाजोगाईच्या बाईंनी म्हटलेले अलंकार.

ऐकू न येण्याचे कारण बहुधा आपल्या खोलीतच असावे. ‘अलीना’सारखे ध्वनिमुद्रण अतिशय हळू आवाजापासून सुरू होते आणि त्याचा बराचसा भाग स्वर विरण्याचा आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत कूलर चालू असतो. त्याचा अखंड घुमारा नेमका त्या विरणाऱ्या टोकांना गिळतो. आवाज वाढवला की टोल कर्कश होतात आणि टोके तरीही ऐकू येत नाहीत. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरमधून खर्जाचे स्वर येतच नाहीत, तेव्हा साधा का होईना, पण कान झाकणारा हेडफोन घ्यावा. मी स्वतः ‘अलीना’ पहिल्यांदा नीट ऐकली ती लोडशेडिंगमध्ये. पंखा, कूलर, शेजारचा टीव्ही, गल्लीतली पिठाची गिरणी असे सगळे एकदम बंद पडले आणि बॅटरीवर चालणाऱ्या प्लेअरमध्ये चेलोचा तुकडा सुरू होता. त्याच्या शेवटच्या स्वरानंतर चर्चमधली हवा ऐकू येते, हे मला त्या रात्री कळले. वीज आली तेव्हा मी तो तुकडा दुसऱ्यांदा लावलेला होता आणि कूलर सुरू करायला कोणीही उठले नाही.